चौथ्या खुर्चीचं पुस्तक

कुताइसीच्या इस्पितळात, तळमजल्यावर,
सोमवार, बुधवार, शुक्रवार, पहाटे साडेसहाला
मी आधी वजनं घेते, मग सुया टोचते.
यंत्रं घरघरायला लागली
की कुणीतरी विचारतंच,
"मग? सध्या काय चाललंय?"
इथे हा प्रश्न तब्येतीचा नसतो.
तब्येत काय, आकड्यांतच दिसते सगळ्यांना.

चार तास. एक हात नळीला बांधलेला,
दुसऱ्याने पानं उलटायची.
म्हणून जाडजूड पुस्तक सुचवणाऱ्याला
आधी शिव्या खाव्या लागतात.

बाद्रीने जन्मभर ट्रॉलीबस चालवली.
तो सुचवतो फक्त सडपातळ पुस्तकं.
"एका बैठकीत तडीला लागलं पाहिजे," म्हणतो,
"शुक्रवार कुणी पाहिलाय?"

त्सिउरी भूगोल शिकवायची.
पुस्तक देताना आत चिठ्ठी घालते :
पान ८८, झरा. पान १४०, कलिंगड. सांभाळून.
कारण आमच्याकडे पाणी घोटाघोटाने मोजलेलं,
आणि गोष्टीत कुणी घटाघटा प्यायलं
की खोलीभर घसे हलतात.
मेराबीच्या कादंबरीत एकदा पूर आला.
त्याने ती मिटली, म्हणाला,
"लेखकाला हात आखडता घेता येत नाही."

चौथ्या खुर्चीवर ओतिया.
पूर्वी चहाच्या कारखान्यात चव घ्यायचा,
दिवसाला दोनशे कप, थुंकून टाकायचा सगळे.
(त्याची आता त्याला भारी हळहळ.)
हेमंतापासून त्याच्या मांडीवर एक निळं पुस्तक,
विटेएवढं.
त्यात मिठाच्या व्यापाऱ्याचं खेचर,
मालक वाटेत मेल्यावरही
एकटंच निघालेलं, गोण्यांसकट, घाट चढून.
दर खेपेला ओतिया सांगायचा पुढचं :
खेचर गावात शिरलं. खेचराला पोरांनी नाव ठेवलं.
खेचराने एका विधवेचं कुंपण खाल्लं.
बाद्रीनेसुद्धा मागितलं ते पुस्तक!
ओतिया म्हणे, "संपू दे की."

जानेवारीत त्याला ताप भरला,
वरच्या मजल्यावर हलवलं.
पुस्तक खुर्चीतच राहिलं.
त्सिउरीने ते घरी नेलं
आणि बुधवारी सगळ्यांच्या आधी येऊन
वजनकाट्यापाशी मला गाठलं.
"यात खेचर नाही," ती हळूच म्हणाली.
"एक नोटरी आहे, समुद्रकाठचा.
सहाशे पानांत कुणी टेकडीही चढत नाही."

मी काटा शून्यावर आणत राहिले.
डोळ्यांचा कागद मीच लावला होता त्याच्या फायलीत.
साखरेने गेल्या वर्षीच नेले होते दोन्ही.
पण पानं तो उलटायचा, अगदी वेळच्या वेळी.
किती वेळाने एक, हे मी कधी मोजलं नाही,
आणि मोजणं हेच तर माझं काम.

शुक्रवारी ओतिया खाली आला,
दोन किलोने उतरलेला.
त्सिउरीने पुस्तक त्याच्या मांडीवर ठेवलं.
"वाचायला घेतलं मी," ती म्हणाली.
त्याची बोटं पुठ्ठ्यावर थबकली.
बाद्रीने मान वळवली.
"मग?" ओतियाने विचारलं,
कुणाकडेच न बघता.

"कुंपणाचं फार छान जमलंय.
मी मात्र घाटात अडकलेय, खेचर बसकण मारतं तिथे.
पुढचं नका सांगू.
नाही, सांगाच."

तेवढ्यात दोन नंबरचं यंत्र केकाटलं.
मी जाऊन नळीचा पीळ काढला,
परत आले तरी तो गप्पच.
मग मोकळ्या हाताने त्याने एक पान उलटलं,
आणखी एक,
गळा साफ केला.
"घाटात बर्फ होता," म्हणाला,
आणि थांबून खोलीला विचारलं,
"बर्फ चालेल ना?"

"चालेल," मेराबी म्हणाला,
"फक्त वितळू देऊ नका."