पाचवी फट

सांगली सिव्हिल, खिडकीकडची कॉट.
मायाप्पा हाक्के, वय अठ्ठावन्न,
मार्केट यार्डात हळदीची पोती वाहतो.
शर्ट काढला तर छातीसुद्धा पिवळी.
"किती बी घासा, जात न्हाई, बाई.
लगीन होऊन पस्तीस वर्सं झाली,
हळद अजून उतरंना."

माझ्या हातात जांभळी पेन्सिल.
आवटी मॅडम म्हणाल्या, काढ. बाहेरून. न उघडता.

छातीच्या हाडावरून बोट सरकवत
आधी तो उंचवटा शोधायचा. तिथं दुसरी बरगडी.
मग मोजत खाली यायचं,
लाइट गेल्यावर जिना उतरावा तसं.
डावीकडे दुसरीच्या खाली एक ठिपका,
उजवीकडे तिसरीवर एक, सहावीवर एक,
चौथा डाव्या पाचव्या फटीत,
हसळीच्या मध्यातून सोडलेल्या ओळंब्याच्या जरा आत.
जोडले की हृदय. मुठीएवढं.
पुस्तकातलं.

तळवा ठेवला.
ठोका तिथं नव्हताच.
पाचव्या फटीत नुसती हळद.
बोटं सरकत गेली खाली, बाहेर, काखेकडे,
आणि सहाव्या फटीत
गच्च भरलेल्या पोत्याला आतून हळकुंड टोचावं
तसा तो लागला.

"घावलं का?"
घावलं. जरा मोठं आहे.
"काळीज?" तो हसला. "मोठं हाय म्हंजे चांगलंच की."

काय सांगणार होते मी?
की काळीज म्हणजे मुळात यकृत,
खाटकाला विचारा, तो बरोबर तुकडा देईल,
मोजताना आपल्या भाषेचीच एक बरगडी चुकलीय?
की रक्तदाबाविरुद्ध राबून राबून
हाही स्नायू दंडासारखा फुगतो,
फक्त याचं कौतुक करायचं नसतं?

चौथा ठिपका मी पुसला नाही.
बाहेर पाचवा काढला. मधे तीन बोटं अंतर.
मॅडम काही बोलल्या नाहीत.
पेन्सिल मागून घेतली
आणि माझा पाचवा ठिपका परत एकदा गिरवला.

डिस्चार्ज होऊन आठवडाही नव्हता झाला.
यार्डात, सौद्याच्या गलक्यात,
उघड्या अंगानं, पाठीवर पोतं.
वजन उचलू नये, असं कार्डावर मीच लिहिलेलं,
मराठीत, मोठ्या अक्षरात.
मला बघून नुसती मान हलवली त्यानं.
पोत्याखाली थांबता येत नाही.

पिवळ्यावर जांभळं काही उरलं नव्हतं.
तरी माझी नजर मोजत उतरायला लागली,
तिसरी, चौथी, पाचवी,
आणि मधून दुसऱ्या कुणाचं पोतं गेलं.