बाराची पाळी

तेयो, दिवेलागणीला ओतॉनला पोचलो,
जीपनीत गुडघ्यांवर पुष्पचक्र सांभाळत,
आणि तुला ओळखलं नाही.

काचेखाली कुणीतरी होतं.
गालांना रंग, केस मागे चापून बसवलेले,
वर चार ट्यूबलाइट, इतक्या पांढऱ्या
की माणसाला सावलीच उरली नव्हती.
रोसेंदा म्हणाली, शांत दिसतात ना?
मी हो म्हटलं. तिला काय सांगणार,
की चार कॉन्ट्रॅक्टं एका जहाजावर काढून
मी तुझा चेहरा धड पाहिलाच नव्हता.

आठ ते बारा तुझे, बारा ते चार माझे.
मी जेवायला बसायचो तेव्हा तू वर,
तू उठायचास तेव्हा मी पडदे ओढून मेलेला.
बंदरात तू शिडीपाशी, हेल्मेटखाली,
कुणावर तरी ओरडणारा एक नारिंगी ठिपका.
आपली खरी ओळख मध्यरात्रीची,
रोज दहा मिनिटांची.

जिन्यातल्या उजेडातून मी चढून यायचो,
ब्रिजचा जाड पडदा सारायचो
आणि आंधळा व्हायचो.
तू तिथेच कुठेतरी, चिंचेची गोळी चघळत.
"थांब. डोळ्यांना अंधार कळू दे."
मग दबक्या आवाजात, खाली कप्तान झोपलेला म्हणून,
तू मला समुद्र सांगायचास.

डावीकडे मच्छीवाले, सतरा मोजलेत,
एकानं दिवा विझवलाय, लबाड आहे, त्याच्यावर नजर ठेव.
पुढे टँकर, आपल्याच वाटेनं चाललाय,
त्याला काही म्हणू नकोस.
आणि तो खाली लालसर दिसतोय ना, तो तारा आहे,
कालच्यासारखा त्याला रेडिओवर हाका मारत बसू नकोस.

मला काहीच दिसत नसे.
मी नुसता हूं हूं करायचो,
आणि तू म्हणालास ते एकेक
म्हणालास तिथेच पेटत जायचं.

"दिसलं?"
मी दिसलं म्हणेपर्यंत तू जागचा हलला नाहीस कधी.
ताप होता तेव्हाही नाही.
मलाक्काच्या सामुद्रधुनीत, त्या रात्रीही नाही,
सगळे दिवे सांगून झाले, जहाजाचा रोख सांगितलास, वेग सांगितलास,
आणि होकायंत्राची चूक सांगावी तशाच सुरात म्हणालास,
"घरून निरोप आलाय. आमचं धाकटं गेलं."
मी हात पुढे केला. तो खुर्चीच्या पाठीला लागला.
तू म्हणालास, "मी इकडे आहे."

आज अंगणात पत्त्यांचे चार डाव रंगलेत.
आबेलार्दो कुक अजूनही पानं लपवतो.
प्रत्येक डावातला वाटा रोसेंदाच्या बिस्किटाच्या डब्यात,
तुझ्या खर्चाला. माझे दोनशे पेसो गेले.
सांतोसमधले चाळीस डॉलर तू अजून देणं लागतोस,
ते मी कुणाला बोललो नाही.

कॉफी देताना रोसेंदा सहज म्हणाली,
घरी रात्रभर दिवा लागायचा यांना.
अंधाराची भीती. तुम्हाला ठाऊकच असेल.

ठाऊक नव्हतं, तेयो.

आमच्याकडे म्हणतात, मयताच्या घरून सरळ आपल्या घरी जाऊ नये,
वाटेत कुठेतरी टेकावं,
नाहीतर गेलेला माणूस मागोमाग येतो.
बाकीचे ला पाझला बॅचॉय खायला उतरले.
मला हाक मारली, मी झोपलोय असं दाखवलं.

सरळ घरी आलो.
पोर्चमधला दिवा मालवला, दोन खुर्च्या समुद्राकडे वळवल्या.
बाराला दहा कमी आहेत.
समोर गिमारास बेट असायला हवं.
मला अजून काहीच दिसत नाही.
तू सुरू कर,
डावीकडून.