पदनाम

अर्जात एक चौकोन असतो, पदनाम.
पहिल्या कामाला मी लिहिलं, पुरातत्त्वज्ञ.
पुण्याच्या ऑफिसनं ते खोडून केलं
साइट सुपरवायझर, कंत्राटी, अकरा आठवडे,
पेट्रोल वेगळं मिळणार नाही.

आई गल्लीत सांगते, थोरली ड्रेनेजमध्ये आहे.
तेही खोटं नाही.
शुक्रवार पेठेतून पाइप जाणार पंचगंगेकडं
आणि पाइपाच्या आधी मी जातो.
(जाते, असं ऑफिसात म्हणायचं.
फोन ठेवला की मी परत जातो.)
जेसीबीचा दात नको तिथं टेकला
की हात वर करायचा: थांब.
त्या एका शब्दाचा पगार आहे मला,
दोन महिन्यांनी येतो.

जेसीबीवरचा इरगोंडा तंबाखू मळत विचारतो,
"मॅडम, सोनं लागलं तर?"
सोनं लागलं तर काम बंद, इरगोंडा,
तुझं बी आणि माझं बी.
तेव्हापासून बादली तो अशी टेकवतो
जसा बसल्या म्हशीच्या पाठीवर हात.

खड्डा क्रमांक तीन. सव्वादोन मीटर.
वर एकोणीसच्या पुराचा गाळ, वीतभर,
त्यात शाम्पूची पुडी, अजून निळी.
खाली कौलं. खाली राख.
राखेखाली खापरं, आतून काळी, बाहेरून तांबूस.
सॅमसन घाटगे आलेखाच्या कागदावर थर काढतो,
पेन्सिल इतकी टोकदार की बघून दात शिवशिवतात.
संध्याकाळी हाच माणूस वाढदिवसाचे फ्लेक्स करतो.
म्हणतो, तिथं पैसे रोख, आणि
माणसं जिवंत असल्यामुळं चुका लगेच कळतात.

खापरं धुवायला आक्काताई कुंभार.
हजेरीपटावर: अकुशल, रोज चारशे साठ.
ती ब्रश बाजूला ठेवते, नखानं टिचकी मारते,
कानाशी धरते.
"ह्यो कमी भाजलाय.
वलं जळण असणार. आभाळ आलं असंल वर,
दुसरं काय करंल बिचारा, घाई केली."

मी एम. ए. वर डिप्लोमा.
घाई मला कुणी शिकवली नव्हती.
तक्त्यात रंग होता, पोत होता, जाडी होती,
काठाचा व्यास होता.
मी शेऱ्यात लिहिलं: भट्टी घाईनं लावलेली.
निरीक्षण, आक्काताई कुंभार, बापट कॅम्प.

अहवाल छापून आला. पान एकशे बारा.
"भाजणी असमान."
वाक्य बरोबर आहे. मी तीनदा वाचलं,
चूक कुठं काढावी कळेना.

खड्डा बुजवायच्या आधी
तळाला प्लॅस्टिक अंथरायचं, त्यावर चालू सालचं नाणं,
पुढं कुणी खणलं तर त्याला कळावं
की इथपर्यंत कुणीतरी येऊन गेलंय.
मी दोन रुपये टाकले.
आक्काताईनं चिखलाचा गोळा केला, अंगठा दाबला,
नाण्याशेजारी ठेवता ठेवता थांबली.
"कच्चा हाय. इरघळंल की."
आणि पदरात बांधून घेऊन गेली.

सोमवारी आली, दिराच्या भट्टीतनं काढून,
लालबुंद.
पाइप शनिवारी रात्रीच बसला होता,
इरगोंडाची जेसीबी कागलला गेली होती,
डांबरावर एक कुत्रं ऊन खात होतं.
ती कुत्र्याकडं बघून हसली.
"आता ह्याला उठवू व्हय?"
गोळा माझ्या हातात दिला,
राहिलेल्या चार हजेऱ्यांचं विचारलं
आणि गंगावेशीची रिक्षा पकडली.

नवा अर्ज आलाय, कराडजवळ, हायवे, नऊ आठवडे.
चौकोन तसाच ठेवलाय सध्या.
आधी सवयीनं एक पिशवी घेतली,
चिठ्ठी लिहायला बसलो:

खड्डा, नाही.
थर, नाही.
खोली, नाही.
काळ, गेला आठवडा.
भाजणी एकसारखी.
कर्त्याला घाई नव्हती.