दोन बोटं जागा

चाळीस वर्षं ज्या पायानं
पारोळ्याच्या पेठेत मशीन चालवलं
त्याच पायातली नस काढली,
घोट्यापासून मांडीपर्यंत,
पायजम्यातून नाडी ओढावी तशी.

धुळ्याच्या त्या तरण्या डॉक्टरनं
चिठ्ठीच्या पाठीवर हृदय काढून दाखवलं
(मला ते भरताच्या वांग्यासारखं दिसलं)
आणि तीन ठिकाणी काट मारली.
म्हणाला, मावशी, नस उलटी करून बसवतो,
आत झडपा असतात, नाहीतर रक्त अडतं.
मी मान हलवली.
उलटं शिवून सुलटं करणं
आमच्या घराला काय सांगायचं.

सहा तास.
बाकावर शेजारी साक्रीची एक बाई,
तिचा दीर आत. शेव-मुरमुरे खात होती.
तिनं पुडा पुढे केला, मी घेतले.
भूक लागली होती, खोटं कशाला बोलू.
छातीचं हाड करवतीनं कापतात
आणि मग तारेनं बांधतात,
हे मला तिनंच सांगितलं.

पट्टी बदलताना जवळून पाहिलं.
काज-बटण करण्यात माझे डोळे गेले
पण टाका अजून कळतो.
छातीचा सारखा, बारीक,
दोऱ्याचं टोकसुद्धा आत दडवलेलं.
पायाला मात्र गुडघ्यापाशी चुणी पडलेली.
तसं सांगितलं तर हे हसले.
हसताना उशी छातीशी धरायची असते, धरली,
म्हणाले,
"उस्तादनी छाती शिवी, पोऱ्यानी पाय."

आता अखाजी तोंडावर आली.
मशीनवर चादर.
गिऱ्हाइकं येतात, तब्येत विचारतात,
मग हळूच सफारीचं विचारतात.
घोट्याच्या वर अजून बधिर लागतं त्यांना,
पाय पायट्यावर आहे की नाही
वाकून बघावं लागतं.

काल जुना शर्ट अंगावर लोंबला
तेव्हा म्हणाले, माप घे.
कुणाचं?
मनं.
सगळ्या पेठेच्या छात्या यांनी मोजल्या,
स्वतःचा कपडा नेहमी अंदाजानं.
टेप पाठीमागून पुढे आणली
आणि व्रणावर माझा हात अडला.

"वढू नको," म्हणाले,
"दोन बोटं जागा ठेव. दम लेवाले."

छत्तीस. दोन इंच उतरली.
गिऱ्हाइकाच्या वहीत नाव लिहिलं,
सुकलाल निकुंभ,
छाती लिहिली, खांदा लिहिला.
ॲडव्हान्सच्या रकान्यात काय लिहावं
ते मात्र सुचेना.