गाभोळी

नुसत्या अंगठ्याने गुन्वोर सांगते
कुठल्या कॉडच्या पोटात गाभोळी आहे.
सुरी लागत नाही तिला.
लोफोटेनच्या धक्क्यावर बावीस हिवाळे,
चूक एकदाही नाही.

कंबर धरली, म्हणाली पेट्या जड.
पाळी गेली, म्हणाली चव्वेचाळिशी.
रबरी एप्रनची नाडी वीतभर तोकडी पडली
तेव्हा तिने
नाडी बदलली.

काल रात्री कळ आली.
शिळी हेरिंग बाधली, असं पुटपुटत
न्हाणीघरात गेली.

आता फरशीवर बसलीय.
टॉवेलात काहीतरी ओलं, लालबुंद, संतापलेलं.
दाराबाहेर एवाल्ड विचारतोय,
कोण रडतंय?

ती स्वतःच्या अंगठ्याकडे बघते.
बराच वेळ.
मग म्हणते,
पाणी तापव.
आणि माझी सुरी आण,
उकळून.