कंटिन्युइटी

मांद्रेचा जुना बंगला महिनाभर भाड्याने घेतलाय.
बल्कांवाच्या खांबांना आम्ही दिला निळा रंग,
मालकीण फिलोमिनाबाय मागच्या रांधपाघरात सरकली
आणि तिथून आमच्या जनरेटरला शिव्या घालते.

माझं काम बारीक.
ओढणी कुठल्या खांद्यावर होती, केस किती ओले,
ग्लासात कोकम कुठवर.
काल आणि आज यांच्यात फट दिसता कामा नये,
याचे दिवसाला बाराशे.

तियारा हे तिचं पोस्टरवरचं नाव.
हॉटेलच्या रजिस्टरात शेवंती आरोंदेकर,
नदीपलीकडची.
कॅमेरा आधी बेंबीवर जातो, मग मांडीवर,
चेहऱ्यापर्यंत पोचेतो पुष्कळदा कट होतो.
माझ्या तक्त्यातही कंबर आहे, ब्लाउजची गाठ आहे,
डोळ्यांना रकाना नाही.

बुधवारी पोदेराचा भोंगा वाजून गेल्यावर
ती व्हॅनमधून उतरली.
डाव्या मनगटावर चार बोटं, एक अंगठा.

कुणी विचारलं नाही.
‘झाक’ म्हणाले,
आणि बोस्कोने तीन थर दिले
भिंतीचं ओल झाकावं तसे.

जेवणानंतरचा सीन खलनायकाचा. तो हात पिरगाळतो.
आता म्हणाले, ‘वळ दाखव.’
बोस्कोने त्याच मनगटावर, त्या थरांवर
नवा वळ काढला, छान, जांभळा.
खरा कडेने पिवळा पडू लागला होता,
लाइटमध्ये चांगला दिसला नसता.

ती रडली. एका टेकमध्ये.
टाळ्या पडल्या.

मी लिहिलं:
बुधवार, सकाळी सव्वासात. डावं मनगट. काल नव्हतं.
खाली खोलीचा नंबर, आणि रात्री कुणी बोलावलं होतं ते.
प्रॉडक्शनचा माणूस म्हणाला, हे कशाला?
हे सीनमध्ये नाही.
मी म्हटलं, काल नव्हतं आणि आज आहे,
एवढंच बघायचे तर पैसे देता मला.

वरचा कागद त्याने फाडला.
कार्बन त्याच्या लक्षात आला नाही.

संध्याकाळी ती मागच्या दाराशी बसली होती,
मेकअप तसाच, दोन्ही वळ एकावर एक.
फिलोमिनाबायने न बोलता पेज वाढली होती.
ती उजव्या हाताने खात होती,
डावा मांडीवर ठेवून, दुसऱ्याचा असावा तसा.
वर न बघता म्हणाली,
‘तारीख घातलंस गो?’

घातली.

तिने लोणच्याची बशी
माझ्याकडे सरकवली.