पाथ सापडत नाही

रात्रीचे साडेअकरा. वडगावातले माग
आत्ता कुठे थांबलेत, कानात अजून खटखट.
उद्यमबागेतली शिफ्ट सकाळी सातला
आणि मी चौथ्यांदा तेच बटण दाबतोय:
इन्स्टॉल.

हिरवी पट्टी एकाहत्तर टक्क्यांवर येते
आणि बसते, चढावर गिअर न सापडलेल्या
भरल्या ट्रकसारखी.

मला फक्त गेममधल्या त्या परदेशी रस्त्यावर
आपली खानापूर बस पळवायची आहे.
मागच्या काचेला तडा, दाराला सुतळी,
सगळं इरगौडानं गोकाकात बसून बनवलंय,
तीन महिने, नखाएवढ्या फोटोंवरून.

फोनवर तो विचारतो, अँटीव्हायरस बंद केलास?
केला. आधी त्यानं एक फाईल गिळली होती,
ती घशात हात घालून काढली.
डॉटनेट? जुनं काढून नवं घातलं, नवं काढून जुनं.
ॲडमिन म्हणून चालवलंस?
अरे, ह्या घरात आता माझ्याशिवाय
ॲडमिन आहे कोण.
तो गप्प. मग म्हणतो, "लॉग ओदप्पा, लॉग."

वाचतो. मशीनचे अलार्म वाचतो तसा, खालून वर.
सतराव्या ओळीत:
पाथ सापडत नाही. सी, युझर्स, आणि पुढं
नुसती प्रश्नचिन्हं. आठ. मोजली.

भरमाण्णा.
काना, पाय मोडलेला ण, सगळं सुटं धरून आठ.

आप्पांनी कॉम्प्युटर घेतला तेव्हा हौसेनं
स्वतःचं नाव मराठीत घातलं होतं, एका बोटानं.
रेशन कार्डावर ते कानडीत,
शाळेच्या दाखल्यावर अण्णा गळून नुसता भरमा,
लाईट बिलावर इंग्रजीत, कुणा भलत्याच माणसाचं.
तिन्ही ठिकाणी अर्ज देत फिरले.
इथं अर्जाची खिडकीच नाही.

"सोपं आहे की," इरगौडा म्हणतो,
"डी ड्राइव्हवर नवा फोल्डर कर,
इंग्रजी तीन अक्षरं, मधे जागा सोडू नको.
खात्याचं नाव तेवढं बदलू नको हं. राहू दे की."

नाही बदललं.

सव्वा वाजता बस सुटते.
आवाज तोच, दुसऱ्या गिअरला कण्हणारा.
फक्त फॉन्ट आला नाही: कपाळावरच्या पाटीत
गावाच्या जागी ओळीनं रिकामे चौकोन.
उद्या फॉन्ट पाठवतो, तो म्हणतो. कुठला पाठवू?

मी स्टॉपला गाडी लावतो. दार उघडतो.
पाटी न वाचता माणसं चढतात.